अननसाची साल, गर, दांडा आणि तुरा : पॉलिफेनॉल मापनाच्या प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर

विषय आज मंजूर झाला. आधीच्या दोन्ही तुकड्यांनी द्राक्षाच्या चोथ्यावर काम केले होते, आणि नाशिकमध्ये पॉलिफेनॉल (वनस्पतींतली, ऑक्सिडीकरण रोखणारी संयुगे) म्हटले की समोरच्याला काळ्या द्राक्षाची साल आणि वाईन यांपलीकडे काही आठवत नाही, म्हणून मार्गदर्शक मॅडमनी या वर्षी द्राक्ष चालणार नाही असे आधीच बजावले होते. अननस सुचला तो कॉलेज रोडवरच्या एका ज्यूस सेंटरमुळे. तिथे रात्री बंद करण्याच्या वेळी सालींनी आणि तुऱ्यांनी भरलेली दोन पोती घंटागाडीची वाट पाहत उभी असतात. ती पोती पाहून माझ्या जोडीदाराने विचारले की आपण या फळाचा नक्की किती भाग खातो आणि टाकून देतो त्यात काय असते. त्याच्या या प्रश्नावरच आम्ही प्रकल्प बेतला आहे. साल, गर, मधला दांडा आणि वरचा तुरा असे चार भाग घ्यायचे, प्रत्येकातील एकूण पॉलिफेनॉल फोलिन-सिओकाल्तू पद्धतीने, म्हणजे निळ्या रंगाच्या गडदपणावरून, मोजायचे आणि मुक्त मूलके (एकट्या इलेक्ट्रॉनमुळे चटकन अभिक्रिया करणारे रेणू) शमवण्याची क्षमता डीपीपीएच या जांभळ्या रसायनाच्या पद्धतीने तपासायची, असे ठरले.

उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखे वाटते आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवते. फळांच्या सालीत गरापेक्षा पॉलिफेनॉल अधिक असतात, कारण ऊन, बुरशी आणि कीटक यांना पहिले तोंड सालच देते. मॅडमना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग प्रकल्प कशाला करता? आकडा कशाचा आहे ते शोधा." तेव्हा मला त्याचा अर्थ नीट कळला नव्हता.

५ डिसेंबर

सकाळी पेठ रोडच्या मार्केट यार्डातून एकाच ढिगातली तीन फळे आणली. विकणाऱ्या मावशींनी माल केरळचा असल्याचे सांगितले. आकार मध्यम, डोळे उठावदार आणि खोल, गर गडद पिवळा, यावरून ही फळे क्वीन गटातील मॉरिशस जातीची असावीत. केरळातल्या वाळक्कुळम परिसरात याच जातीची लागवड होते आणि तिथल्या अननसाला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. "दोन दिवस ठेवा, आणखी गोड होईल," असा सल्ला मावशींनी दिला. तो मानला नाही, कारण अननस झाडावरून उतरल्यावर केळ्या-आंब्यासारखा पिकत नाही. त्यात पिष्टाचा साठाच नसतो, त्यामुळे ठेवल्याने साल पिवळी होते, वास वाढतो, पण साखर वाढत नाही. प्रकल्पाच्या दृष्टीने ही सोयच आहे, कारण फळ कापण्याचा दिवस हाच त्याच्या अवस्थेचा दिवस धरता येतो.

कापताना एक अडचण आली, ती साल कुठे संपते हे ठरवण्याची. अननस हे एक फळ नसून अनेक फुलांची फळे एकमेकांत मिसळून झालेले संयुक्त फळ आहे, आणि प्रत्येक डोळा म्हणजे एका फुलाची जागा. साल पातळ काढली तर डोळे गरात राहतात, जाड काढली तर गर सालीसोबत जातो. घरी आई डोळ्यांच्या तिरक्या ओळींवरून सुरी फिरवून चर काढते, त्याच पद्धतीने डोळे काढले आणि ते सालीत धरले. ज्यूसवालाही डोळे टाकूनच देतो, त्यामुळे हिशेब प्रत्यक्षाशी जुळेल.

तिन्ही फळांचे मिळून वजन ३,६१२ ग्रॅम भरले. त्यात तुरे ४०२, साल व डोळे १,११८, दांडा २४६ आणि गर १,७८६ ग्रॅम. उरलेले ६० ग्रॅम रसाच्या रूपाने पाटावर आणि आमच्या हातांवर गेले. म्हणजे विकत घेतलेल्या फळाचा निम्म्याहून किंचित कमी भाग गर आहे. कापून झाल्यावर बोटांच्या कडा चुरचुरू लागल्या. अननसात प्रथिने तोडणारे ब्रोमेलेन हे विकर असते आणि कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिकही असतात. प्रयोगशाळेतले मामा हसून म्हणाले, हातमोजे कपाटात शोभेला ठेवलेले नाहीत.

७ डिसेंबर

पहिली खेप वाया गेली. चारही भाग ओव्हनमध्ये ८० अंशांवर रात्रभर ठेवले होते. तुरा आणि साल ठीक वाळली, पण गराचा तपकिरी, चकचकीत, चिक्कीसारखा पापुद्रा झाला, जो खलात कुटला की चिकटतो आणि पाच मिनिटे उघडा राहिला की हवेतली ओल ओढून पुन्हा मऊ पडतो. गराच्या कोरड्या वजनात सुमारे सत्तर टक्के साखर असते, तेव्हा दुसरे काही होणे शक्य नव्हते.

वाईट इतकेच असते तर पापुद्रा मेथॅनॉलमध्ये विरघळवून पुढे गेलो असतो. परंतु साखर आणि अमिनो आम्ले उष्णतेत एकत्र येऊन जी तपकिरी संयुगे बनवतात, ती स्वतःच क्षपणक, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारी, असतात आणि फोलिनच्या अभिकर्मकाशी झडझडून अभिक्रिया करतात. म्हणजे आम्ही फळातले पॉलिफेनॉल मोजायला निघालो आणि ओव्हनमध्ये जे शिजले ते मोजून बसलो असतो. खेप रद्द केली. ओव्हनचा उपयोग यापुढे फक्त ओलावा काढण्यासाठी करायचा.

१० डिसेंबर

आता चारही भागांचे अर्क ताज्या फळापासूनच काढायचे आणि आकडे मात्र कोरड्या वजनावर मांडायचे, असे ठरवले. पाच-पाच ग्रॅमचे नमुने १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवून ओलावा काढला : गर ८६ टक्के, दांडा ८५, साल ८२, तुरा ८०.

यार्डातून पुन्हा तीन फळे आणली आणि वजनांचे प्रमाण पहिल्या फळांशी जवळपास जुळले. साल आधी मिक्सरमध्ये नुसतीच वाटून पाहिली, तर पेस्ट दहा मिनिटांत चहाच्या रंगाची झाली. पेशी फुटल्या की पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर मोकळे होते आणि आपल्याला जे मोजायचे आहे तेच खाऊ लागते. कापलेले वांगे काळे पडते त्याचेही कारण हेच. यावर उपाय म्हणजे मेथॅनॉलमध्येच वाटणे, पण मिक्सरच्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात आणि मेथॅनॉलची वाफ पेट घेते, त्यामुळे मॅडमनी ती कल्पना बोलून पूर्ण होण्याआधीच फेटाळली. शेवटी बर्फात ठेवलेल्या शुद्ध मेथॅनॉलमध्ये सुरीने बारीक कापलेले तुकडे थेट पाडत गेलो आणि नंतर खलात कुटले. गरात ८६ टक्के पाणी असल्यामुळे ५० ग्रॅम गरासोबत ४३ ग्रॅम पाणी आपोआप येते. १५० मिलिलिटर मेथॅनॉल घातले की मिश्रण सुमारे ७८ टक्के मेथॅनॉलचे होते. पॉलिफेनॉल काढायला निव्वळ मेथॅनॉलपेक्षा असे थोडे पाणी असलेले मिश्रण अधिक चांगले, हे आधीच्या तुकडीच्या वहीतही होते. दोन तास ढवळून, गाळून, धुऊन प्रत्येक अर्क २५० मिलिलिटर केला. या वेळी सालीचा अर्क फिकट लिंबाच्या रंगाचा राहिला.

१३ डिसेंबर

अभिकर्मक आणि गॅलिक आम्ल या साध्या फेनॉलचा प्रमाणवक्र (ज्ञात प्रमाणांची वाचने दाखवणारा, तुलनेसाठीचा आलेख) तयार केला.

पद्धतीचा इतिहास वाचताना एक गोष्ट मनाला लागून राहिली. फोलिन आणि सिओकाल्तू यांनी १९२७ मध्ये हा अभिकर्मक बनवला तो पॉलिफेनॉलसाठी नव्हे, तर प्रथिनांतील टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन मोजण्यासाठी. लाउरी पद्धतीने (१९५१) प्रथिने मोजतात त्यातही हाच अभिकर्मक असतो. सिंगलटन आणि रॉसी यांनी १९६५ मध्ये त्याची वाईनसाठी सुधारित रीत दिली आणि तीच आज डाळिंबापासून चहापर्यंत सगळीकडे वापरली जाते. द्राक्ष नको म्हणून अननसाकडे वळलो, तर पद्धत वाईनचीच निघाली.

अभिकर्मकात टंगस्टन आणि मॉलिब्डेनम यांची पिवळी संयुक्त आम्ले असतात. सोडियम कार्बोनेटने द्रावण अल्कधर्मी केले की फेनॉल आपले इलेक्ट्रॉन त्यांना देतात आणि द्रावण निळे होते. निळाई जितकी गडद, तितके क्षपण अधिक. आमची रीत अशी : ०.५ मिलिलिटर विरल अर्क, २.५ मिलिलिटर दहापट पातळ केलेला अभिकर्मक, २ मिलिलिटर ७.५ टक्के सोडियम कार्बोनेट, आणि ७६५ नॅनोमीटरवर वाचन. निळा रंग येण्यासाठी इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ पुरेसा आहे, तो फेनॉलच असावा असे बंधन अभिकर्मक घालत नाही. हे वाक्य वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

१७ डिसेंबर

दोन दिवस आकडे जुळत नव्हते. सकाळच्या मालिकेत अर्ध्या तासानंतर वक्राचा चढ ०.००८१ येत होता आणि दुपारच्या मालिकेत ०.०१०१. अभिकर्मक तोच, पिपेट तेच, हात माझेच. जोडीदाराने पिपेटच्या टोकांवर संशय घेतला, मी त्याच्या वाचनावर घेतला, आणि अर्धा दिवस त्यात गेला.

कारण भिंतीवरच्या तापमापकात होते. निफाडचा पारा उतरला की शहरातही थंडी उतरते आणि आमची प्रयोगशाळा उत्तरेकडे तोंड करून आहे. सकाळी नऊला आत १५ अंश होते, दुपारी तीनला २६. मूळ पद्धतीत २० अंशांना दोन तास किंवा ४० अंशांना अर्धा तास असा पर्याय आहे, आणि आम्ही अर्धा तास घेऊन तापमान मात्र हवामानावर सोपवले होते. पाणी गरम करून सगळे लवकर उरकावे असा मोह झाला, पण गरम अल्कधर्मी द्रावणात साखरही अभिकर्मकाचे क्षपण करू लागते, आणि अननसाच्या बाबतीत तो धोका पत्करण्यात अर्थ नाही. म्हणून २५ अंशांचे जलकुंड आणि पूर्ण दोन तास, असे कायम केले. आता चढ सकाळ-दुपार ०.०१०२ च्या आसपास राहतो.

काही नळ्यांत पांढरट गढूळपणा येत होता. अपकेंद्रित्रात फिरवल्यावर तो गेला.

२० डिसेंबर

पहिले पूर्ण निकाल. कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे, गॅलिक आम्ल तुल्य मिलिग्रॅममध्ये : साल १२.१, तुरा ९.३, गर ७.६, दांडा ४.९. तीन फळांतील फरक दहा टक्क्यांच्या आत आहे.

अपेक्षेप्रमाणे साल पहिली आली, पण गर इतका वर येईल असे वाटले नव्हते. सालीचा आकडा गराच्या जेमतेम १.६ पट आहे, आणि दांडा हा गराचाच सख्खा शेजारी असून तो मात्र बराच खाली आहे. जोडीदार खूश होता, कारण तक्ता पूर्ण झाला. मॅडमनी तक्ता पाहून एकच विचारले, "गरात 'क' जीवनसत्त्व किती?"

२३ डिसेंबर

दोन दिवस त्याच प्रश्नात गेले. मेटाफॉस्फोरिक आम्लात ताजे अर्क काढून डायक्लोरोफेनॉल इंडोफेनॉल या निळ्या रंगद्रव्याने अनुमापन केले. ताज्या गरात १०० ग्रॅममागे ३८ मिलिग्रॅम आणि सालीत २४ मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच 'क' जीवनसत्त्व, मिळाले. कोरड्या वजनावर ते दर ग्रॅमला अनुक्रमे २.७ आणि १.३ मिलिग्रॅम होते.

मग निव्वळ ॲस्कॉर्बिक आम्लाचे द्रावण फोलिनच्या अभिकर्मकात घातले, तर नळी क्षणार्धात निळी झाली आणि समान वजनाच्या गॅलिक आम्लाच्या ०.६२ पट वाचन आले. ॲस्कॉर्बिक आम्ल हे फेनॉल नाही, पण इलेक्ट्रॉन द्यायला ते तत्पर असते. म्हणजे गराच्या ७.६ पैकी सुमारे १.७, अर्थात बावीस टक्के, एकट्या 'क' जीवनसत्त्वाचे आहेत. सालीत हाच वाटा ०.८, जेमतेम सात टक्के.

साखरेचीही तपासणी केली. सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे गराच्या विरल अर्काइतके गोड मिश्रण २५ अंशांना ०.०२ वाचन देते, तर गराच्या अर्काचे वाचन ०.४४ आहे, हेच मिश्रण ५० अंशांच्या कुंडात ठेवल्यावर ०.०७ आले. १७ तारखेला पाणी गरम केले नाही याचे समाधान वाटले. सुक्रोज क्षपणक नसल्यामुळे आणि अननसातल्या साखरेत त्याचा वाटा मोठा असल्यामुळे हा हस्तक्षेप आटोक्यात राहतो.

३ जानेवारी

सुट्टीनंतर डीपीपीएच. हे एक दुर्मिळ रसायन आहे : मुक्त मूलक असूनही बाटलीत टिकते. मेथॅनॉलमध्ये त्याचा रंग गडद जांभळा असतो, इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन मिळाला की तो पिवळा पडतो, आणि ५१७ नॅनोमीटरवर हा बदल मोजता येतो. ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये ही पद्धत मांडली. आमचे द्रावण ०.१ मिलिमोलर, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ३.९४ मिलिग्रॅम, जे तोलताना खिडकीतली वाऱ्याची झुळूकही चालत नाही.

पहिला दिवस फुकट गेला. फ्लास्क खिडकीजवळच्या ओट्यावर राहिला आणि दुपारचे ऊन त्यावर पडले. संध्याकाळी कोणताही अर्क न घालताच द्रावण फिकट झाले होते. आता फ्लास्कला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळली आहे.

सुरुवातीलाच ॲस्कॉर्बिक आम्लाने पद्धत तपासली, कारण तिचे उत्तर कागदावर काढता येते. ॲस्कॉर्बिक आम्लाचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू शमवतो. ३ मिलिलिटर द्रावणात १ मिलिलिटर नमुना घातला की डीपीपीएच ०.०७५ मिलिमोलर उरते. ते निम्मे करायला ०.०१८७५ मिलिमोलर, म्हणजे दर मिलिलिटरला ३.३ मायक्रोग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल लागले पाहिजे. आमचे पहिले उत्तर ५.९ आले. आम्लाचे द्रावण आदल्या दिवशीचे होते आणि रात्रीत त्याचे बरेचसे ऑक्सिडीकरण झाले असणार. ताजे द्रावण घेतल्यावर ३.५ आले, आणि मग पुढे जायला हरकत उरली नाही.

७ जानेवारी

डीपीपीएच निम्मे करण्यासाठी दर मिलिलिटरला सालीचे ०.४२ मिलिग्रॅम कोरडे वजन लागते, गराचे ०.७८, तुरा दोघांच्या मधे आणि दांडा सर्वांत दुर्बळ. क्रम फोलिनचाच आहे, त्यामुळे तो तक्त्यात टाकून पुढे जायला हवे होते. परंतु आज प्रथमच अर्ध्या तासाच्या शेवटी एकदा न वाचता दर मिनिटाला वाचन घेतले, आणि सगळ्यात उपयोगी माहिती तिथे मिळाली.

गराचा आलेख पहिल्या मिनिटात झपकन उतरतो आणि मग जवळपास आडवा होतो. सालीचा आलेख सुरुवातीला उतरतो, पण पुढेही उतरतच राहतो; तीस मिनिटांनीही तो थांबलेला नव्हता, आणि आम्ही जेवून आलो तरी द्रावण आणखी पिवळे होत होते. ॲस्कॉर्बिक आम्लाचा एकट्याचा आलेख हुबेहूब गरासारखा आहे. मोठे, अनेक वलयांचे पॉलिफेनॉल सावकाश अभिक्रिया करतात, कारण डीपीपीएचच्या रेणूत मूलकाची जागा भोवतालच्या वलयांनी झाकलेली असते आणि मोठ्या रेणूला तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो. तीस मिनिटांच्या एका आकड्यात हा स्वभावातला फरक पूर्ण बुजून जातो.

१० जानेवारी

गरातले पॉलिफेनॉल आणि पॉलिफेनॉल नसलेले क्षपणक वेगळे कसे करायचे, यावर उत्तर पुन्हा द्राक्षाच्याच गावातून आले. वाईनमधला जादा तुरटपणा आणि तपकिरी झाक काढण्यासाठी पीव्हीपीपी नावाची पांढरी, न विरघळणारी पूड वापरतात. ती पॉलिफेनॉलना धरून ठेवते आणि साखर, 'क' जीवनसत्त्व यांना सोडून देते. दिंडोरी रस्त्यावर एका वाईनरीत काम करणाऱ्या ओळखीच्या दादांनी लहान डबीभर पूड दिली.

अर्कातला मेथॅनॉल उडवून उरलेला भाग किंचित आम्लधर्मी पाण्यात घेतला, पूड घालून थंडीत ढवळला, अपकेंद्रित्रात फिरवला आणि वरच्या द्रवाचे फोलिन वाचन पुन्हा घेतले. सालीचे वाचन ७१ टक्क्यांनी घसरले. गराचे ४५ टक्क्यांनीच.

म्हणजे पुडीने धरलेले पॉलिफेनॉल मोजले तर साल ८.६ आणि गर ३.४. जेमतेम १.६ पट वाटत होता तो फरक अडीचपट निघाला. इथे घाई करायची नाही, हेही लिहून ठेवते : पीव्हीपीपी साध्या फेनॉलिक आम्लांना तितकेसे घट्ट धरत नाही, त्यामुळे वर उरलेले सगळेच 'फेनॉल नसलेले' असे म्हणता येणार नाही. गराच्या उरलेल्या ५५ टक्क्यांपैकी २२ 'क' जीवनसत्त्वाचे आणि ४ ते ५ साखरेचे असल्याचे आम्ही स्वतंत्रपणे दाखवले आहे. बाकीच्यात निसटलेली फेनॉलिक आम्ले आणि टायरोसिनसारखी अमिनो आम्ले असू शकतात, ज्यांच्यासाठी हा अभिकर्मक मुळात जन्मला.

१६ जानेवारी

जोडीदार येवल्याचा, त्यामुळे संक्रांतीचे तीन दिवस तो पतंग उडवत होता आणि नळ्या मला एकटीला धुवाव्या लागल्या. आज परत आला तो बोटांवर मांज्याचे चिरे घेऊन, म्हणून आम्लाला हात लावायचे काम माझ्याकडेच राहिले.

अर्क काढून झाल्यावर सालीचा जो चोथा उरतो त्यात काहीच नसते, असे आपण गृहीत धरतो. अननस हा गवत, बांबू आणि ताड यांच्या दूरच्या कुळातला. या वनस्पतींच्या पेशीभित्तिकांत फेरुलिक आम्ल शर्करा-साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेले असते आणि मेथॅनॉल त्याला हलवू शकत नाही. ते पाहण्याची एक जुनी सोपी खूण आहे. सालीचा ब्लेडने काढलेला पातळ काप क्रोमॅटोग्राफीच्या पेटीत ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली ठेवला, तर पेशींच्या भिंती निळसर उजळल्या. अमोनियाचा एक थेंब टाकताच ती निळाई हिरव्याकडे झुकली. मामांनाही बोलावून दाखवले. दीड महिना आकडेच पाहत होतो, आज पदार्थ डोळ्यांनी दिसला.

चोथा चार तास सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून, आम्ल घालून, एथिल ॲसिटेटने काढले, तेव्हा सालीच्या मेथॅनॉल अर्कात मिळाले होते त्याच्या सुमारे निम्मे फेनॉल आणखी बाहेर आले. गराच्या चोथ्यातून फारच थोडे आले, कारण गरात भित्तिकाच कमी.

२० जानेवारी

आज वजनांचा तक्ता आणि पॉलिफेनॉलचा तक्ता शेजारी ठेवले. 'साल गराच्या १.६ पट' हे कोरड्या ग्रॅमचे विधान आहे. कोणी कोरडा अननस ग्रॅमवर तोलून खात नाही. ५ डिसेंबरच्या तीन फळांच्या वजनांवर हिशेब केला तर सालीचे कोरडे वजन २०१ ग्रॅम आणि गराचे २५० ग्रॅम येते. फोलिनच्या सरळ आकड्यांनी सालीत २.४ ग्रॅम आणि गरात १.९ ग्रॅम, म्हणजे जेमतेम सव्वापट. पीव्हीपीपीने धरलेल्या आकड्यांनी सालीत १.७ ग्रॅम आणि गरात ०.८५ ग्रॅम, म्हणजे दुप्पट. दांड्याचा वाटा दोन्ही प्रकारे नगण्य. तुरा मात्र फोलिनच्या हिशेबात पाऊण ग्रॅमपर्यंत जातो. त्याची पीव्हीपीपी चाचणी अजून व्हायची आहे.

२४ जानेवारी

ज्यूस सेंटरच्या दादांना निकाल सांगायचे कबूल केले होते. त्यांनी ऐकून घेतले आणि मोबाइल पुढे केला. त्यावर अननसाच्या साली उकळून प्यायल्याने कर्करोगापासून सांधेदुखीपर्यंत सर्व बरे होते, असा फिरत आलेला संदेश होता. "मग ताई, सालीचं पाणी विकायला ठेवू का?"

हा संदेश आमच्या आकड्यांवर उभा राहू शकत नाही, हे त्यांना शक्य तितक्या सरळ शब्दांत सांगितले. डीपीपीएच हे मूलक शरीरात कुठेही नसते; ते आम्ही बाटलीतून आणतो. नळीत जे शमते ते आतड्यातून रक्तात किती जाते, गेल्यावर यकृत त्याचे काय करते, याबद्दल या चाचण्या काहीच बोलत नाहीत. याच कारणामुळे अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या ओरॅक मूल्यांची (अशाच नळीतल्या चाचणीने मोजलेल्या ऑक्सिडीकरणरोधक क्षमतेची) यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली. त्या आकड्यांचा जाहिरातीसाठी गैरवापर होत होता. शिवाय शेतात फवारलेले जे काही असेल ते आधी सालीवरच बसते, आणि डोळ्यांच्या खाचांतून ते नुसत्या पाण्याने निघत नाही. दादांनी मोबाइल खिशात ठेवला आणि आम्हाला दोन ग्लास रस दिला, साखर न घालता.

साल वाया जाऊ नये, यावर मात्र माझे मत ठाम झाले आहे. बांधलेल्या फेरुलिक आम्लासाठी आणि तंतूंसाठी तिच्यावर प्रक्रिया करणे हा वेगळा, गंभीर विषय आहे.

२९ जानेवारी

अहवालाचा मसुदा मॅडमनी लाल शाईने परत केला. 'एकूण पॉलिफेनॉल' हा स्तंभ खोडून तिथे 'फोलिन क्षपण क्षमता, गॅलिक आम्ल तुल्य' असे लिहिले आहे, आणि त्याच्या शेजारी ॲस्कॉर्बिक आम्लाचा वाटा, पीव्हीपीपीने धरलेला भाग आणि चोथ्यातून निघालेला भाग असे तीन स्वतंत्र स्तंभ करायला सांगितले आहेत. डीपीपीएचसाठी निम्म्याच्या आकड्यासोबत पहिल्या आणि तिसाव्या मिनिटाची वाचने द्यायची आहेत. जोडीदाराची कुरकुर अशी की तक्ता आता आडव्या पानावरही मावत नाही.

दुसरी खूण अधिक जिव्हारी लागली. 'तीन फळे' या शब्दांभोवती गोल करून त्यांनी समासात लिहिले आहे : "एकाच ढिगातली, एकाच दिवशीची. ही तीन नव्हेत, एकच." बरोबर आहे, तीन फळांतला दहा टक्क्यांचा फरक फार तर त्या एका ढिगाबद्दल सांगतो. उद्या पहाटे यार्डात जाऊन तीन वेगवेगळ्या गाळ्यांवरून एकेक फळ घ्यायचे आहे, आणि शक्य झाल्यास त्यात एक मोठ्या, फिकट गराच्या क्यू जातीचे. मेथॅनॉल दीड लिटर शिल्लक आहे, पीव्हीपीपी आणखी दोन खेपांपुरती. हातमोजे आणले आहेत.